आमची मेंढी खरखरीत असते

माझ्या भाचीचा मुलगा आठ महिन्यांचा असताना मी पुण्याहून त्याच्यासाठी एक पुस्तक आणलं. जाड पुठ्ठ्याची सहा पानं, प्रत्येक पानावर एक प्राणी आणि त्याच्या अंगावर बाळाने हात फिरवावा म्हणून चिकटवलेला लोकरीचा, कापडाचा नाहीतर रबराचा तुकडा. किंमत साडेचारशे रुपये. साताऱ्याला गोडोलीत तिच्या घरी आम्ही सगळ्या त्या पुस्तकाभोवती बसलो होतो. बाळाने आधी पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला. तो मनासारखा भिजवून झाल्यावर मेंढीच्या पानावर थापटी मारली आणि पांढऱ्याशुभ्र लोकरीत बोटं खुपसली. भाची म्हणाली, "फ्लफी! फ्लफी शीप!" पानावर तसंच छापलेलं होतं.

तिच्या सासूबाई माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. त्या उठल्या, आतून घोंगडी घेऊन आल्या आणि बाळाचा तळवा तिच्यावर टेकवला. "बघ, ही आपली मेंढी. खरखरीत हाय का न्हाई? बोचतीय व्हय माझ्या राजाला?" बाळाने हात झटकन मागे घेतला, आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे केला. मग बराच वेळ दोघांचं तेच चाललं. आजी "खर्रर्र" म्हणायच्या, बाळ हात टेकवायचं, काढून घ्यायचं आणि खिदळायचं.

आजींचं बरोबर होतं. माणदेशातल्या दख्खनी मेंढीची लोकर राठच असते, म्हणून तर तिची घोंगडी होते. पुस्तकातली मऊ मेंढी दुसऱ्या कुठल्या देशातली होती. आपलं बाळ आयुष्यातलं पहिलं पुस्तक हातात घेतं आणि त्यातली मेंढी परकी, तिच्या अंगाचा स्पर्श परका आणि त्या स्पर्शाचा शब्दही परका, हे मला फार लागलं.

मला म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. हात लावून वाचायची पुस्तकं आपण पैसेवाल्या घरांची हौस समजतो, ती तशी राहू नयेत. ती मराठीत हवीत, आपल्या भागातल्या कापडांची हवीत, आणि दुकानात जाऊ न शकणाऱ्या बाळापर्यंत ती पोचवण्याची जबाबदारी सरकारने, वाचनालयांनी आणि आपण सगळ्यांनी घ्यायला हवी.

बाळाला जग आधी कातडीने कळतं. गर्भात सगळ्यांत आधी जागी होणारी जाणीव स्पर्शाची. साधारण आठव्या आठवड्यात ती ओठांभोवती दिसू लागते. जन्मलेल्या बाळाला नीट दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे मांडीवरून आईच्या चेहऱ्यापर्यंतचं. चौथ्या महिन्याच्या आसपास हाताला लागेल ते तोंडात जायला लागतं, कारण त्या वयात ओठ आणि जीभ बोटांपेक्षा तरबेज असतात. सहा-सात महिन्यांत टेकून बसता येतं. नऊ-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते. आणि वर्षाच्या सुमाराला जाड पान उलटता येतं. म्हणजे कागदाचं पान उलटण्याच्या कितीतरी आधी बाळ वाचायला तयार असतं. आपण त्याच्या हातात वाचण्यासारखं काही देत नाही, एवढंच.

अमेरिकेत डोरोथी कुनहार्ट यांनी १९४० मध्ये असं एक पुस्तक काढलं. त्यात बाळाने सशाला थोपटायचं होतं, आरशात पाहायचं होतं, बाबांच्या दाढीची खरखर बोटाने अनुभवायची होती. या प्रकारच्या पुस्तकांची गोष्ट साधारण तिथून सांगतात. पण त्याच्या एकच वर्ष आधी, १९३९ मध्ये, इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी भारतात आल्या होत्या आणि १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. खरकागदाची अक्षरं बोटाने गिरवायची, खडबडीत आणि गुळगुळीत पट्ट्या डोळे मिटून ओळखायच्या, ही त्यांची साधनं. आपल्याकडे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून धूळपाटी होती. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. बोटातून अक्षर शिकण्याची रीत कुणी बाहेरून आणून द्यायला नको होती, आपण ती मागे टाकून आलो.

इथे ताराबाई मोडकांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते काम कोसबाडला नेलं. माँटेसरींची साधनं महागडी, लाकडाची, मापात घडवलेली. ती आदिवासी पाड्यावर कुठून येणार? ताराबाईंनी तत्त्व घेतलं आणि साधनं आसपासची वापरली: शिंपले, खडे, बिया, पानं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचारही त्यांचाच, आणि 'अंगणवाडी' हा शब्दही तिथलाच. आज महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. बाळांच्या पुस्तकासाठी आपल्याला नवी दिशा शोधायची गरज नाही.

आता शब्दांकडे येते, कारण माझा जीव खरा तिथे अडकलाय. इंग्रजीतली अशी जी पुस्तकं मी चाळली, त्यांत स्पर्शाचे पाच-सहाच शब्द फिरून फिरून येतात. मराठीत भाषांतर केलेली दोन-तीन मिळाली, त्यांत सगळ्याला 'मऊ' आणि 'खडबडीत'. एवढ्यावर मराठी भागते का? भाकरीच्या पिठाचा उंडा मऊसूत असतो, आंब्याची कोवळी पालवी लुसलुशीत असते, नांगरून पावसात भिजलेली माती भुसभुशीत असते. आजीचं विरलेलं लुगडं मऊशार. कृष्णेतला गोटा गुळगुळीत, शेवाळलेला घाट बुळबुळीत. पिकून गेलेलं केळं गिळगिळीत, गोणपाट भरभरीत, घोंगडी खरखरीत, फणस काटेरी, न धुतलेलं मांजरपाट ताठर. गुळाची ढेप वरून चिकट आणि फोडली की आतून रवाळ. आमच्याकडे कऱ्हाड, कोरेगाव, वाळव्याच्या घराघरांत हे शब्द रोज बोलले जातात. ते छापील पानावर मात्र बाळाला भेटत नाहीत.

आणि ऐका ना हे शब्द कसे आहेत. लुसलुस, गुळगुळ, खरखर, भुसभुस. एकच तुकडा दोनदा. हात एकदा फिरवून थांबत नाही, पुन्हा फिरतो, तशी जीभही पुन्हा फिरते. बाळ बोलायला लागतं तेही असंच, 'बाबा', 'मामा', 'काका', 'दादा', जोडीजोडीने. बाळाच्या तोंडाला सोपी पडणारी घडण आपल्या भाषेने स्पर्शाच्या शब्दांना दिलेली आहे. मराठीत हात लावायचं पुस्तक करायचं ठरवलं तर अर्धं काम भाषेने आधीच करून ठेवलंय. ते न वापरता आपण 'ससा मऊ आहे' असं एक वाक्य छापून मोकळे होतो, याला मी आळस म्हणते.

अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला. पण भाषा टिकते ती वर्षभराच्या बाळाच्या कानात. आजीला माहीत असलेला 'भरभरीत' हा शब्द आईला क्वचित सुचतो आणि मुलाला कधी ऐकायलाच मिळत नाही, असं घडायला दोन पिढ्या पुरतात. गोडोलीतल्या त्या खोलीत मी ते समोर पाहिलं.

यावर गावाकडच्या एका मैत्रिणीने मला चांगलं उलट विचारलं. ती म्हणाली, "अगं, आमची पोरं मातीत लोळतात, शेळीच्या पाठीवर हात फिरवतात, हळदीच्या ढिगात बसतात. त्यांना कापडाचे तुकडे कशाला दाखवतेस?" तिचं म्हणणं मी अजून मनात घोळवते. खरी शेळी असताना पुस्तकातली शेळी कशाला?

माझं उत्तर असं. स्पर्श त्या मुलांकडे भरपूर आहे, ते खरं. पुस्तक स्पर्श द्यायला येत नाही. ते एका मोठ्या माणसाला बाळाजवळ बसवायला येतं. शेळी चालत राहते; पुस्तक मांडीवर थांबतं. त्याच पानावर रोज परत जाता येतं, तोच शब्द रोज म्हणता येतो. शिवाय एक फार मोठी गोष्ट तिथे घडते. चित्रातली शेळी म्हणजे दारातल्या शेळीची खूण आहे, हे बाळाला पहिल्यांदा उमगतं. पुढे 'शे' आणि 'ळी' ही अक्षरं शेळीची खूण होतात, त्याची ही पहिली पायरी. चित्राला शेळीचे केस असले तर ती पायरी चढायला बाळाला हात मिळतो.

आणि सगळीच मुलं शेळीच्या पाठीवर हात फिरवत वाढत नाहीत. सांगली-मिरजेच्या फ्लॅटमधली बाळं फरशी, प्लास्टिक आणि मोबाइलची काच यांवरच रांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये. तरी घास भरवताना समोर मोबाइल लावला जातो. आईला दोष देऊन काय होणार? तिच्या हाताशी दुसरं काही ठेवायला हवं.

दुसरं टोक ऊसतोडीचं. दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यांत येतात, कारखान्यांच्या आसपास कोपी, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पहाटेच्या अंधारात आई फडात जाते, तान्हं बाळ बांधाला, गाडीच्या सावलीत. त्याला राखायला आठ-दहा वर्षांची बहीण. पाचट कसं कापतं ते त्या बाळाला कुणी शिकवायला नको. त्याच्याकडे नाहीत ती कुणीतरी त्याच्याशी बोलत बसावं अशी पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं पुस्तक निर्माण करू शकत नाही, असा भ्रम मला नाही. पण त्या बहिणीच्या हातात कापडाचं पुस्तक असलं तर दिवसभर बाळ सांभाळताना तिला काहीतरी करायला असेल, दोन ओळी तिचंही वाचन होईल. अशा पुस्तकाचा पहिला हक्क कुणाचा असं मला विचारलं तर मी तिच्याकडे बोट दाखवीन.

एक सावधगिरी मात्र मला प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुस्तकात जितक्या करामती जास्त तितकं बाळ शिकतं जास्त, असं नाही. मेधा तारे, ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलट दिसलं. उघडायच्या झडपा, ओढायच्या पट्ट्या असलेल्या पुस्तकांपेक्षा साध्या, खऱ्यासारख्या चित्रांच्या पुस्तकांतून लहान मुलं नवीन नावं आणि माहिती जास्त चांगली शिकली. हाताला खेळ मिळाला की लक्ष शब्दावरून उडतं. म्हणून बटण दाबलं की गाणं वाजवणारी, दिवे लावणारी पुस्तकं मला नकोत. एका पानावर एक वस्तू, एक स्पर्श, एक शब्द. तिथे हात जे सांगतो तेच शब्द सांगतो, म्हणून तो स्पर्श शब्दाच्या आड येणार नाही, असं मला वाटतं.

मग हे पोचवायचं कसं?

इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅमला तीनशे बाळांपासून 'बुकस्टार्ट' सुरू झालं. सात ते नऊ महिन्यांच्या बाळाच्या आरोग्य तपासणीच्या वेळी परिचारिकेने घरच्यांना पुस्तकांची पिशवी द्यायची, एवढीच कल्पना. पुढे ती देशभर पसरली. आपल्याला ही रीत अनोळखी वाटायचं कारण नाही, कारण आपल्याकडे बाळंतविडा आहे. माहेरहून झबली, टोपडी, दुपटी, लंगोट येतात. पाचवीच्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते. बाळ अजून डोळे नीट उघडत नाही तेव्हा आपण त्याच्या उशाशी कागद ठेवतो, आणि मग पुढची पाच वर्षं कागद त्याच्यापासून उंचावर ठेवतो. बाळंतविड्यात एक कापडी पुस्तक घालायला कुणाची परवानगी लागत नाही. आज्या, मावश्या, आत्या हे या महिन्यापासून करू शकतात.

सरकारकडे मात्र मागावं लागेल. राज्य सरकारने २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या आईसाठी 'बेबी केअर किट' आणलं. बाळाचे कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर अशा वस्तूंचं. त्या पेटीत पुस्तक हवं. केंद्राने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला आणि त्यात महिन्यागणिक बाळाशी काय खेळावं, काय बोलावं ते दिलं. आपल्याकडे 'आरंभ' या बालविकासाच्या सरकारी उपक्रमाचे पालक मेळावे अंगणवाड्यांत होतात. विचार पोचलाय, वस्तू पोचलेली नाही. तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत दिवसभर बसत नाही, पण टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, घ्यायला, वजनाला, लसीला आई त्याला घेऊन येतेच. त्याच दिवशी एक पुस्तक घरी न्यायचं, पुढच्या महिन्यात ते परत करून दुसरं न्यायचं. कापडी पुस्तक कोमट पाण्यात साबणाने धुवून कडक उन्हात वाळवलं की पुढच्या बाळासाठी तयार. पुठ्ठ्याच्या पुस्तकाला हे जमत नाही.

ही पुस्तकं मुंबईत एक निविदा काढून एका ठेकेदाराकडून लाखांनी घेऊ नयेत, हे मी आत्ताच सांगून ठेवते. तसं झालं तर गडचिरोलीपासून जतपर्यंत तीच मऊ मेंढी जाईल. शिवणाऱ्या बायका तालुक्यातालुक्यात आहेत. उमेदचे बचत गट आहेत, म्हसवडकडे घोंगड्या विणणारे हात आहेत, आणि गोधडी शिवता येणारी बाई तर प्रत्येक आळीत आहे. खरं तर गोधडी हेच आपल्या बाळांचं पहिलं स्पर्शाचं पुस्तक. आजोबांच्या धोतराचा तलम तुकडा, आजीच्या इरकलीचा काठ, मामाच्या पँटचं जाडंभरडं कापड, सगळं एका चादरीवर, आणि प्रत्येक ठिगळाला सांगायला एक गोष्ट. त्या टाक्यानेच पुस्तक शिवायचं. माणच्या पुस्तकात घोंगडी यावी, सांगलीच्या पुस्तकात हळदीने रंगवलेलं सुती कापड यावं, महाबळेश्वरच्या पुस्तकात स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या बियांसारख्या दोऱ्याच्या गाठी याव्यात.

फक्त सुरक्षिततेत तडजोड नको. बटण, मणी, टिकली, कवडी, काहीही सुटं नको. खेळण्यांसाठी जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा छोटा भाग सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावला तर तो गिळला जाऊ शकतो असं धरतात. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्या सक्तीतून सूट आहे, पण बाळाचा घसा ती सूट जाणत नाही. म्हणून तुकडा चिकटवायचा नाही, चारी बाजूंनी दुहेरी शिवायचा. घोंगडीची कुसं तोंडात जातात, तेव्हा तिचा तुकडा आधी चांगला धुवून, झटकून, कडा दुमडून घ्यायचा. रंग कच्चा नको. शिवणाऱ्या बाईला हे एका दुपारी शिकवता येतं.

वाचनालयांबद्दल थोडं. भाचीचं हेच बाळ दीड वर्षाचं झालं तेव्हा मी त्याला एका सार्वजनिक वाचनालयात घेऊन गेले होते. बालविभागातल्या बाईंनी त्याचा गालगुच्चा घेतला आणि मायेने म्हणाल्या, "वाचायला लागलं की आणा." त्यांचा दोष नाही. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसं, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजणारी. लाळेने भिजलेलं पुस्तक आपल्याला बघवत नाही. पण मूल देवाला पाय लावतं तेव्हा आपण त्याला रागावतो का? जे पुस्तक बाळाने चावलंय ते वापरलं गेलेलं पुस्तक आहे, त्याचा मान गेलेला नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. प्रत्येक वाचनालयात एक सतरंजी, एक टोपलीभर कापडी पुस्तकं आणि आठवड्यातून एक सकाळ मांडीवरच्या वाचकांसाठी, एवढं तरी झालं पाहिजे. आमच्या जिल्ह्यातल्या भिलारने ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवून दाखवली. घराचं वाचनालय होऊ शकतं हे ज्या गावाने सिद्ध केलं, तिथल्या एका ओसरीवर रांगणाऱ्या वाचकांना जागा मिळाली तर मला तिथवर नातवंडं घेऊन जायला फार आवडेल.

आणि जी बाळं डोळ्यांनी पाहू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तर हे एकच पुस्तक आहे. त्यांच्या घरी पुस्तक पोचतं ते बहुधा शाळेत ब्रेल सुरू झाल्यावर. तोवरची पाच-सहा वर्षं त्यांच्या बोटांना कुणी काही वाचायला देत नाही. प्रत्येक अंगणवाडीत स्पर्शाची पुस्तकं असती तर त्या बाळासाठी वेगळी सोय करावी लागली नसती. ते शेजारच्या बाळाबरोबर तेच पुस्तक वाचत बसलं असतं.

भाचीच्या सासूबाई आणि मी मिळून गेल्या दिवाळीनंतर दोन पुस्तकं शिवली. सात-सात पानांची. घोंगडी, गोणपाट, धोतर, इरकलीचा काठ, टॉवेल, मखमल आणि शेवटी सासूबाईंच्या लुगड्याचा तुकडा. शब्द मी दोऱ्याने काढले, जाड टाक्यात, म्हणजे पुढे अक्षरावरून बोटही फिरवता यावं. 'भुसभुशीत'चं पान आम्हाला काही केल्या जमलं नाही, कापडात माती कशी आणायची ते अजून सुचलेलं नाही. दोन्ही पुस्तकं जवळच्या एका अंगणवाडीत दिली. तिथल्या ताईंनी वहीच्या मागच्या पानावर आयांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. परवा गेले तेव्हा त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. पुस्तकं दोन आणि नावं एकोणीस झाली होती. "अजून किती देताय मावशी?" त्यांनी विचारलं.